काळ्या मातीवरील क्रीडांगण

गावच्या जमिनीची काळी आणि पांढरी अशी विभागणी महाराष्ट्रात फार जुनी आहे. काळीत पिके घ्यावयाची आणि पांढरीवर वस्ती करावयाची, हा त्यामागील संकेत. गावे वाढली तशा नव्या वसाहती, शाळा आणि त्यांची आवारे काळीत सरकली. जळगाव व धुळे जिल्ह्यांत, विशेषतः तापी, गिरणा आणि पांझरा या नद्यांच्या काठच्या भारी जमिनीत, याचा परिणाम क्रीडांगणावर प्रथम दिसतो. उन्हाळ्यात मैदानाला पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तेथे चिखल होतो. शालेय क्रीडास्पर्धांचा हंगाम बहुधा पावसाळ्यातच सुरू होत असल्याने, मुलामुलींना सरावाची गरज असते त्याच दिवसांत मैदान निरुपयोगी ठरते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण आवश्यक मानले आहे. ते बारमाही वापरता यावे, हे पाहणेही तितकेच अगत्याचे आहे.

मातीचा स्वभाव

दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटातील चिकण खनिजे विपुल असतात. त्यांच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांत पाणी शिरले की माती फुगते, पाणी निघून गेले की आक्रसते. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि त्यानंतर लगेच पावसाळा येतो. त्यामुळे हे फुगणे-आक्रसणे येथे तीव्र असते.

अशा जमिनीवर थेट काँक्रीट टाकले तर कडेची माती आधी भिजून फुगते, मधली मात्र कोरडी राहते. काँक्रीट एका अंगाने उचलले जाऊन तडकते. शिवाय उन्हात ते तापते आणि त्यावर पडल्यास इजाही अधिक होते. कबड्डी व व्हॉलीबॉलसाठी नीट दाबलेल्या मुरुमाचा पृष्ठभाग अधिक सोयीचा. तो थोडा हलला तरी रूळ फिरवून पूर्ववत करता येतो.

मातीची साधी परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येते. वाळवून बारीक चाळलेली १० ग्रॅम माती एका मोजपात्रात पाण्यात व तेवढीच दुसऱ्यात रॉकेलमध्ये टाकून २४ तास ठेवावी. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातील मातीचे आकारमान रॉकेलमधील मातीच्या दीडपटीहून अधिक भरले, तर जमीन फार फुगणारी समजावी. भरावासाठी आणावयाचा मुरूमही याच रीतीने पारखून घ्यावा.

बांधणीची रीत

व्हॉलीबॉलचे मैदान १८ × ९ मीटरचे असते. सभोवती ३ मीटर मोकळी जागा सोडल्यास २४ × १५ मीटर, म्हणजे ३६० चौरस मीटर जागा लागते. याच जागेत पुरुषांच्या कबड्डीचे १३ × १० मीटरचे मैदानही आखता येते. मावळतीचे ऊन खेळाडूंच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून मैदानाची लांबी दक्षिणोत्तर ठेवावी.

कामास पावसाळ्यानंतरचे, जमिनीत मध्यम ओल असलेले दिवस उत्तम. चैत्र-वैशाखात भेगाळलेल्या जमिनीवर भराव घातला, तर पहिल्याच पावसात ती खालून फुगते. सुमारे ४५ सेंटिमीटर काळी माती काढून ती शेतात टाकण्यास द्यावी. मग १५ सेंटिमीटरचा एकेक थर पाणी मारून, रूळ फिरवून असे मुरुमाचे चार थर द्यावेत. त्यामुळे मैदान भोवतालच्या जमिनीपेक्षा १५ सेंटिमीटर उंच राहते. दाबलेला भराव २१६ घनमीटर होतो. सुटा मुरूम याहून बराच अधिक लागेल, हे अंदाजपत्रकात धरावे. मुरूम हे गौण खनिज असल्याने महसूल खात्याची परवानगी आधी घ्यावी.

खड्ड्यात वाळू वा नुसती खडी भरू नये. तिच्यातून पाणी झिरपून तळाशी हौदासारखे साचते आणि खालची माती फुगवते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर चिकटपणा असलेल्या, पण न फुगणाऱ्या मातीचा थर देण्याची पद्धत विकसित केली. कालव्यांच्या कामांत ती वापरली गेली आहे. मैदानासाठीही थोडी बंधक माती असलेला मुरूमच निवडावा. जमीन फारच भारी असल्यास थराची जाडी अभियंत्याच्या सल्ल्याने वाढवावी. जाळीच्या खांबांचा पाया भेगांच्या खोलीखाली न्यावा, नाहीतर फुगणारी माती खांबच उचलते.

पाण्याची वाट

या कामात सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पाण्याचा निचरा. खुल्या व्हॉलीबॉल मैदानाला दर मीटरला ५ मिलिमीटर उतार नियमाने चालतो. १५ मीटर रुंदीत तो साडेसात सेंटिमीटर होतो आणि खेळात जाणवत नाही. खड्ड्याच्या तळालाही त्याच दिशेने उतार द्यावा. उताराच्या बाजूला चर काढून पाणी मैदानापासून दूर न्यावे. इमारतीच्या पन्हळीचे किंवा नळाचे सांडपाणी मैदानाकडे येऊ देऊ नये. सावलीसाठी कडुनिंब अवश्य लावावा, पण मैदानालगत नको. त्याची मुळे एका बाजूची ओल शोषून घेतात आणि तेथील जमीन खचते.

असे मैदान एकदा करून विसरण्याजोगे नसते. मृगापूर्वी चर साफ करणे, पावसाळ्यानंतर खळगे भरून रूळ फिरवणे आणि उन्हाळ्यात खेळापूर्वी हलके पाणी शिंपडणे, एवढी निगा दरवर्षी लागते. मंजुरीच्या वेळीच ही निगा कोणी राखावयाची हे ग्रामपंचायत व शाळा व्यवस्थापन समितीने ठरवून घेतले, तर श्रावणातील सरीनंतरही मुलांना सरावासाठी मैदान लवकर मोकळे होईल.