पेटीचे चार कोपरे

लाकडी पेटी हाती घेतली की जाणता माणूस प्रथम तिचा कोपरा पाहतो. दोन फळ्यांची टोके ४५ अंशांत तिरपी कापून एकमेकींना भिडवली, की आडव्या धाग्याचे ओबडधोबड टोक कोठेही उघडे राहत नाही आणि लाकडाची नक्षी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर अखंड वळते. ठाणे-कल्याणकडचे कारागीर या जोडास ‘मायटर’ म्हणतात. दिसायला हा जोड सर्वांत साधा, पण जमवायला सर्वांत हट्टी.

असा कोपरा ‘हातालाच असावा लागतो’, तो वाडवडिलांकडूनच येतो, हा समज आपल्याकडे जुना आहे. सुतारकी हे बलुते होते, तेव्हा ज्ञान घराबाहेर जात नसे. त्यामुळे त्या समजाला बळ मिळाले. कार्ल्याच्या चैत्यगृहात सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षांनंतरही छताला आहेत, आणि तेथील प्रवेशद्वाराचे काम करणाऱ्या धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव शिलालेखात कोरलेले आहे. त्याचा हात मोठा होता, यात शंका नाही. परंतु आमच्या मते मायटरचा प्रश्न मुख्यतः हाताचा नाहीच. तो मांडणीचा आहे, आणि मांडणी कोणालाही शिकता येते. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात किंवा डोंबिवलीतील एखाद्या कारखान्यात कामास लागू इच्छिणाऱ्या आपल्या मुलामुलींनी आणि त्यांच्या पालकांनी हे नीट समजून घ्यावे. एक सुबक पेटी करणे हा छंद झाला. तशाच पन्नास पेट्या ठरल्या दिवशी देता येणे हा व्यवसाय.

प्रथम हिशेब पाहू. चार कोपऱ्यांना आठ काप लागतात. प्रत्येक काप अर्ध्या अंशाने कमी पडला, तर एकूण चूक चार अंशांची होते. पहिले तीन कोपरे घट्ट बसवले की ही सारी चूक चौथ्या कोपऱ्यात साचते. फळी १२ मिलिमीटर जाड असेल तर तिरपा काप सुमारे १७ मिलिमीटरचा असतो, आणि त्याच्या टोकाशी साधारण सव्वा मिलिमीटरची फट उघडते. एवढी फट लांबूनही दिसते. अर्धा अंश मात्र डोळ्यांना दिसत नाही. यंत्रावरील आकड्याच्या खुणेवर विसंबू नये, ते याचसाठी.

मग तपासावे कसे? टाकाऊ फळीचे दोन तुकडे कापून जोडावेत आणि आत गुण्या लावावा. चूक दुप्पट होऊन समोर येते. त्याहून चांगली रीत म्हणजे समान लांबीचे चार तुकडे कापून छोटी चौकट उभी करणे, कारण तेथे चूक आठपट होते. चौकट निर्दोष मिटली तरच खऱ्या लाकडाला करवत लावावी. सागाचा आजचा भाव पाहता ही दहा मिनिटे स्वस्तच पडतात.

याहून चतुर युक्ती जोडीच्या कापाची. सरकत्या पाटावर दोन टेकू-पट्ट्या एकमेकींशी अचूक काटकोनात बसवाव्यात. फळी कडेवर उभी धरून कोपऱ्याची एक बाजू डाव्या पट्टीला आणि दुसरी बाजू उजव्या पट्टीला टेकवून कापावी. पाते किंचित कलले असेल, एक काप ४५.२ अंशांचा झाला असेल, तर दुसरा आपोआप ४४.८ चा होतो. बेरीज ९० च राहते. येथे अचूक हवा तो केवळ पट्ट्यांमधला काटकोन, आणि तो गुण्याने सहज तपासता येतो.

कोन साधला तरी समोरासमोरच्या बाजू तंतोतंत समान नसतील, तर पेटी मिटत नाही. येथे मापपट्टी बाजूला ठेवावी. सर्व फळ्यांचे एक टोक आधी कापून घ्यावे. मग टेकणाचा ठोकळा क्लॅम्पने घट्ट आवळून सर्व लांब बाजू एका बैठकीत कापाव्यात. नंतरच ठोकळा सरकवून आखूड बाजूंकडे वळावे. ठोकळ्याचा खालचा काठ थोडा तासलेला असावा, नाहीतर तेथे भुसा अडकतो आणि दर फळी केसभर आखूड होत जाते. कापलेली जोडी एकत्र उभी करून टोकांवरून बोट फिरवावे. बोटाला जे कळते ते डोळ्याला कळत नाही. नक्षी अखंड हवी असेल तर एकाच फळीतून लांब, आखूड, लांब, आखूड या क्रमाने बाजू काढाव्यात व तुकड्यांवर आकडे घालावेत.

तिरपे टोक डिंक शोषून घेते. म्हणून आधी पातळ हात द्यावा, काही मिनिटे थांबावे आणि मग दुसरा हात द्यावा. चारही बाजू बाहेरचा पृष्ठभाग वर ठेवून ओळीत लावाव्यात, सांध्यांवर चिकटपट्टी मारून ओळ उलटावी, डिंक लावून घडी घालावी. दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान असतील तर पेटी काटकोनात आहे. डिंकाचा हा जोड एकटा फारसा बळकट नसतो. वाळल्यावर कोपऱ्यात बारीक खाचा पाडून लाकडाच्या पातळ पट्ट्या बसवल्या, तर पेटी पडली तरी कोपरा सुटत नाही.

राहिला आपला पावसाळा. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र जून ते सप्टेंबर फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तसबिरीच्या रुंद चौकटीचे मायटर त्यामुळे उन्हाळ्यात आतल्या बाजूस उघडतात. पेटीच्या बाजू उंचीत एकत्रच फुगतात, म्हणून तिचे कोपरे टिकतात. धोका असतो तो तळाचा. अखंड लाकडाचा तळ चारही बाजूंना चिकटवला तर आषाढात तोच कोपरे फोडतो. तळ खाचेत सैल सोडावा, त्याला डिंक लावू नये, आणि उन्हाळ्यात पेटी केली असेल तर फुगण्यासाठी खाचेत थोडी जागा अधिक ठेवावी.