शूल कुठल्या बटणावर?

तीनचं बटण दाबलं की निवडलेलं पिशाच्च शूल फेकतं. पडद्यावर फासा गडगडतो, चॅटमध्ये आकडा उमटतो आणि पुण्याचा खेळाडू ‘लागला का रे?’ म्हणेपर्यंत उत्तर आलेलं असतं. बटण दाबणारा माझा भाचा. जोगेश्वरी पूर्वेला, मेघवाडीत राहतो. शनिवारी रात्री जेवणं आटोपली की डायनिंग टेबल पुसून त्यावर लॅपटॉप मांडतो आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा डीएम, म्हणजे सूत्रधार होतो. खेळाडू बोरिवलीत, पुण्यात आणि एक कॅनडात, जिथे तेव्हा अजून शनिवारची दुपारही संपलेली नसते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ आणला तो टेबलाभोवती बसून खेळायला. आता टेबलाची जागा सॉफ्टवेअर घेतं. भाचा वापरतो ते फाउंड्री, मे २०२० मध्ये आलेलं. परवाना एकट्या डीएमने विकत घ्यायचा, बाकीच्यांनी ब्राउझरमधून यायचं. सध्याचं कथानक आमच्याच लेण्यात घडतंय. जोगेश्वरीचं शैव लेणं सहाव्या शतकातलं. मधोमध चौकोनी गाभारा, चारही बाजूंना दारं, भोवती वीस खांब. नकाशावर त्याने प्रत्येक खांबाभोवती भिंतीच्या रेघा मारल्यात, त्यामुळे खांबामागे काय दडलंय ते खेळाडूंच्या सोंगट्यांना दिसत नाही. घराजवळ असं तयार भुयार असताना लोक परदेशी किल्ल्यांचे नकाशे का विकत घेतात, देव जाणे.

अडचण लढाईत यायची. शूल फेकायचा तर आधी पात्राची शीट उघडा, शस्त्रांची यादी शोधा, नावावर क्लिक करा, मग चौकट विचारणार: साधा फासा, अॅडव्हांटेज (दोन फाशांतला मोठा आकडा) की डिसअॅडव्हांटेज (दोनांतला लहान)? तोवर बोरिवलीकर फोनमध्ये शिरलेला असायचा. वाया जायचे ते दहा-पंधरा सेकंदच, पण भीतीने धरलेला श्वास तेवढ्यात सुटतो आणि मग पिशाच्च कितीही गुरगुरलं तरी कोणी दचकत नाही.

त्यावरचा उपाय पडद्याच्या तळाशी आहे. तिथल्या पट्टीला हॉटबार म्हणतात. तिच्यात दहा घरं, आणि अशी पाच पानं. शीटवरचं शस्त्र ओढून घरात सोडलं की मॅक्रो, म्हणजे एका बटणाची तयार आज्ञा, बनतो. मग एक ते शून्य या आकड्यांच्या बटणांनी तो चालवायचा. शिफ्ट धरून फासा टाकला तर मधली चौकट टळते, ऑल्टने अॅडव्हांटेज, कंट्रोलने डिसअॅडव्हांटेज. भाच्याने हौसेने पन्नासच्या पन्नास घरं भरली. झालं, शीटमधली शोधाशोध पट्टीत आली! फडताळ कोंबून भरलं की हवा तो डबा नेमका मागे जातो, तसं.

मग त्याने उपसायला घेतलं. शस्त्रं एका पानावर, मंत्र दुसऱ्यावर ही मांडणी दिसायला शिस्तशीर, पण लढाईत मोडायची, कारण एकाच पाळीत शस्त्र, मंत्र आणि पळ काढणं तिन्ही लागतं. आता पहिल्या पानावर फक्त तेच, जे दुसरा माणूस वाट बघत असताना लागतं. दारं-दिवे, पार्श्वसंगीत, दुकानदारांच्या याद्या मागच्या पानांवर गेल्या. तिथे घाई नसते. मला विचाराल तर खरी सुधारणा ही. नवं बटण जोडणं कोणालाही जमतं.

दुसरी गाठ शुद्धलेखनाची. त्याच्या आवृत्तीत मॅक्रो शस्त्राला नावाने शोधतो: निवडलेल्या सोंगटीकडे ‘शूल’ नावाची वस्तू असेल तर फेकतो. म्हणजे एकच बटण सगळ्या पिशाच्चांना पुरतं, फक्त नाव जसंच्या तसं हवं. एका पिशाच्चाच्या यादीत ‘शुल’ असं ऱ्हस्व पडलं होतं. ते ऐन हल्ल्यात ढिम्म उभं राहिलं. ऱ्हस्व-दीर्घाची इतकी कडक शिक्षा आमच्या मास्तरांनीही कधी दिली नव्हती. त्याने सगळ्या याद्या तपासून नावं एकसारखी केली.

कीबोर्ड मराठीवर राहिला तरी मात्र बिघडत नाही. सॉफ्टवेअर अक्षर बघत नाही, बटणाची जागा बघतं. कर्सर चॅटच्या चौकटीत असेल तर वेगळी गंमत: तीन दाबल्यावर शूल सुटत नाही, चॅटमध्ये नुसता तीन उमटतो. आणि उलट, कर्सर चौकटीबाहेर असताना डीएमने वाक्य टाइप करायला घेतलं की पहिल्या स्पेसबारलाच अख्खा खेळ थांबतो, कारण स्पेसबार म्हणजे पॉज. हे कंट्रोल्सच्या सेटिंगमध्ये बदलता येतं. त्याने पॉज दूरच्या एका बटणावर नेला.

बोरिवलीकर कधीकधी लोकलमधून, फोनवरूनच हजर असतो. फोनवर आकड्यांची बटणं कुठली? तो नुसतं ‘गदा’ म्हणतो आणि त्याच्या वतीने भाचा सातचं बटण दाबतो. ते घर त्याच्यासाठीच राखलंय.

फाउंड्रीची नवी आवृत्ती आल्याची सूचना त्याच्या पडद्यावर कधीची येऊन बसलीय. मोठ्या बदलात बाहेरची जोडलेली मॉड्यूल्स मोडतात, मॅक्रोही रुसतात. लेण्यातली लढाई संपेपर्यंत अपडेटला हात लावायचा नाही, असं त्याने जाहीर केलंय, आणि पिशाच्चं अजून चार शिल्लक आहेत.