आधी छप्पर, मग बाकी सारे

रमजानमध्ये आपल्या मोहल्ल्यांत रेशनचे किट वाटले जातात, ईदला कपडे दिले जातात, थंडीत ब्लँकेट. घेणाऱ्यांत काही जण असेही असतात, ज्यांच्याकडे रेशन शिजवायला चूल नसते आणि दिवसा ब्लँकेट ठेवायला जागा नसते. मशिदीच्या पायऱ्या, दर्ग्याचा परिसर, स्टेशनबाहेरचा फुटपाथ हाच त्यांचा पत्ता. त्यांच्याविषयी आपले मत मात्र आधीच ठरलेले असते : कामचुकार, व्यसनी, कुठून तरी आलेले. गेल्या चाळीस वर्षांत झालेले संशोधन वेगळेच सांगते.

२०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७० हजारांहून अधिक बेघर नोंदले गेले. त्यांपैकी दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रात होते. ही मोजणी एका रात्रीत झाली. त्या रात्री जे नजरेस पडले नाहीत, ते आकड्यातही आले नाहीत.

फुटपाथवरची माणसे कोण?

१९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. जगण्याच्या हक्कात रोजीरोटीचा हक्क येतो हे न्यायालयाने मान्य केले, पण नोटीस देऊन फुटपाथवरची वस्ती हटवण्यास मुभाही दिली. त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने मुंबईच्या ई वॉर्डात, म्हणजे भायखळा परिसरात, फुटपाथवरच्या सुमारे ६,००० कुटुंबांची पाहणी केली. त्यात दिसले की ही माणसे कष्टकरी होती. कोणी फेरीवाला, कोणी हमाल, कोणी घरकाम करणारी. अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे त्याच जागी राहत होती. कामाची जागा चालत जाण्याच्या अंतरावर होती आणि बस-लोकलचे भाडे त्यांना परवडणारे नव्हते, म्हणून त्यांनी फुटपाथ धरला होता.

याच वस्त्यांतून ‘महिला मिलन’ उभे राहिले. त्यात मुस्लिम भगिनींची संख्या मोठी होती. रोजच्या कमाईतून थोडे थोडे पैसे बाजूला टाकून त्यांनी बचत सुरू केली. आपले घर कसे असावे हेही त्यांनीच ठरवले. साडीने जागा मापली आणि खोलीची उंची चौदा फूट हवी असे सांगितले, म्हणजे पोटमाळा काढता येतो. पुढे बऱ्याच वर्षांनी मानखुर्दच्या मिलन नगरमध्ये यांतील काही कुटुंबांना पक्की घरे मिळाली.

अट आधी की घर आधी?

बेघरांना मदत करताना जगभर एक रीत होती. आधी व्यसन सोडा, उपचार घ्या, काम शोधा, मग घराचे बघू. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेंबेरिस या मानसशास्त्रज्ञाने ही रीत उलटी केली. मानसिक आजार असलेल्या बेघरांना त्याने आधी घर दिले आणि उपचाराची सोय त्यांच्या दाराशी नेली. झोपेची शाश्वती नसलेल्या माणसाला औषधाची वेळ पाळायला सांगणे व्यर्थ आहे, हा त्यामागचा साधा विचार.

२००९ ते २०१३ या काळात कॅनडाच्या पाच शहरांत दोन हजारांहून अधिक बेघरांवर याची कसोटी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. शेवटच्या सहा महिन्यांत, घर मिळालेल्या गटातील ६२ टक्के लोक पूर्ण काळ घरात टिकून होते. नेहमीची मदत मिळालेल्या गटात हे प्रमाण ३१ टक्के होते. फिनलंडने तर २००८ पासून हेच राष्ट्रीय धोरण केले आणि तेथील बेघरांची संख्या बरीच घटली.

वेळेवर मिळालेली रक्कम

घर गेल्यावर ते परत मिळवण्यापेक्षा ते जाऊ न देणे सोपे असते. अमेरिकेतील शिकागोत भाडे थकलेली माणसे एका केंद्राला फोन करून एकवेळची मदत मागतात. केंद्राकडे कधी निधी असतो, कधी नसतो. संशोधकांनी या दोन्ही वेळी फोन करणाऱ्यांची तुलना केली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, निधी असताना फोन केलेल्यांची बेघर निवाऱ्यात जाण्याची शक्यता पुढच्या सहा महिन्यांत ७६ टक्क्यांनी कमी आढळली. आजारपण, नोकरी जाणे, नवऱ्याचा मृत्यू, अशा एका धक्क्यात भाडे थकते. तेवढा एक महिना निभावला, तर घर वाचते.

मदीनेची शिकवण

हे आपल्याला नवे वाटू नये. मक्केतील घरदार सोडून मुहाजिर मदीनेत आले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अन्सार आणि मुहाजिर यांच्यात बंधुभावाचे नाते जोडले. अन्सारांनी आधी घरात जागा दिली. कामधंदा त्यानंतर उभा राहिला. ज्यांना कोणाचे घर नव्हते, त्यांच्यासाठी मस्जिदे नबवीत ‘सुफ्फा’ हा छप्पर घातलेला भाग होता. हजरत अबू हुरैरा (रजि.) त्या सुफ्फावर राहत. सर्वाधिक हदीस त्यांच्याकडूनच आपल्यापर्यंत पोहोचल्या आहेत.

सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. त्यांत गरीब आणि मिस्कीन आहेत, तसेच कर्जदार आणि मुसाफिरही आहेत.

आपण काय करू शकतो?

मोहल्ल्याच्या जकातीचा काही भाग थकलेले भाडे आणि खोलीचे डिपॉझिट यासाठी राखून ठेवता येईल. रक्कम हकदाराच्या हाती सोपवावी. मसलकानुसार बारकावे वेगळे असू शकतात, ते आपल्या आलिमांना विचारावेत. जे जकातीचे हकदार नाहीत, त्यांना कर्जे हसना द्यावे.

दुसरी मदत कागदपत्रांची. बेघर माणसालाही मतदार होता येते. त्याच्याकडे राहण्याचा पुरावा नसेल, तर मतदान केंद्राचा अधिकारी रात्री तिथे जाऊन तो खरेच तिथे झोपतो का, याची खात्री करतो. शहरी बेघर निवारा योजनेत दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांच्या निवाऱ्याची तरतूद करण्यात आली होती. आपल्या शहरात असे किती निवारे आहेत आणि त्यांत बायका-मुलांना जागा आहे का, हे नगरसेवकाला विचारायला हवे.

तिसरी गोष्ट पैशांची नाही. आपल्यापैकी अनेकांच्या खोल्या भाड्याने दिलेल्या असतात. विधवा किंवा तलाक झालेली बाई मुलांना घेऊन खोली विचारायला येते, तेव्हा ‘घरात पुरुष कोण आहे?’ असे विचारून तिला परत पाठवले जाते. अशी चार दारे बंद झाली की पाचवी जागा फुटपाथच असते. तिला खोली देणे आपल्या हातात आहे आणि त्यासाठी कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही.