कॉकटेल घरचं, माप कुणाचं?

बाह्यरुग्ण विभागात ‘दारू घेता का? किती घेता?’ हे दोन प्रश्न आम्ही जवळजवळ प्रत्येक प्रौढ रुग्णाला विचारतो. ‘रोज एक क्वार्टर’ किंवा ‘दोन पेग’ अशी उत्तरे येतात. खरी असोत वा थोडी कमी करून सांगितलेली, त्यांचा हिशेब मांडता येतो. क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर, त्यात सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. गेल्या काही वर्षांत मात्र एक नवे उत्तर ऐकू येते : ‘दारू अशी नाही हो डॉक्टर. शनिवारी घरीच कॉकटेल बनवतो. दोन ग्लास, फार तर तीन.’ या उत्तराचा हिशेब मला मांडता येत नाही. अडचण अशी, की तो सांगणाऱ्यालाही मांडता येत नाही.

घरी कॉकटेल बनवण्याचा छंद शहरांत चांगलाच रुजला आहे. मोबाइलवर कृती बघायची, शेकर आणायचा, कोकम, गोकर्णाची फुले, गवती चहा वापरून आपले स्वतःचे मिश्रण तयार करायचे. आंबट, गोड आणि कडू यांचा तोल साधणे ही स्वयंपाकासारखीच कला आहे, हे मान्य. नाक मुरडण्यासाठी हा लेख नाही. शिफारस करण्यासाठी तर नाहीच. ‘अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही’ ही भूमिका जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केली आहे. जे घेत नाहीत, त्यांनी सुरू करण्याचे वैद्यकीय कारण नाही. पण जे घेतात आणि आता घरी मिसळूनही घेतात, त्यांना या पेल्यात काय आहे हे कळायला हवे.

औषधाच्या कपाटातून आलेले पेय

कॉकटेलचा इतिहास औषधाशी जोडलेला आहे. १८०६ मध्ये अमेरिकेतल्या एका वृत्तपत्राने ‘कॉकटेल’ची व्याख्या छापली : मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स. बिटर्स म्हणजे कडू वनस्पतींचा मद्यार्कातला अर्क. आजही जगभर वापरला जाणारा अँगोस्टुरा बिटर्स हा अर्क डॉ. योहान सीगर्ट या जर्मन वैद्याने १८२४ मध्ये व्हेनेझुएलात पोटाच्या तक्रारींवर तयार केला. जिनमध्ये मिसळतात ते टॉनिक वॉटर हिवतापावरच्या क्विनाइनमुळे कडू. ‘पंच’ हे आणखी जुने पेय. त्याचे नाव आपल्या ‘पाच’वरून, म्हणजे पाच घटकांवरून आले, अशी एक प्रचलित व्युत्पत्ती आहे.

या इतिहासामुळे काहींना वाटते, की टॉनिकमध्ये थोडे औषध असतेच. आकडे पाहा. अमेरिकेत टॉनिक वॉटरमध्ये लिटरला जास्तीत जास्त ८३ मिलिग्रॅम क्विनाइन चालते. हिवतापासाठी प्रौढाला दिवसाला साधारण १८०० मिलिग्रॅम लागते. म्हणजे वीस लिटरहून अधिक टॉनिक! उपचार म्हणून त्याचा उपयोग नाही. उलट ज्यांना क्विनाइनची अ‍ॅलर्जी आहे, त्यांच्या रक्तातील प्लेटलेट्स या थोड्या क्विनाइननेही धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात.

एका ग्लासात किती?

आता मुख्य हिशेब. आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्की, रम, जिन, व्होडकाच्या बाटलीवर ४२.८ टक्के असे लिहिलेले असते. त्यातल्या ३० मिलिलिटरमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असते. सूत्र सोपे आहे : मिलिलिटर गुणिले टक्केवारी, भागिले १००, गुणिले ०.७९.

नेग्रोनी हे अभिजात कॉकटेल घ्या. जिन, कडू लाल कांपारी आणि गोड व्हर्मूथ प्रत्येकी ३० मिलिलिटर. जिनचे १०, कांपारीचे सुमारे ६ आणि व्हर्मूथचे ४ मिळून २० ग्रॅम. ग्लास छोटा दिसतो, पण आत एक लार्ज पेग आहे. लाँग आयलंड आइस्ड टी हे नाव चहाचे, रंगही चहाचा. मात्र त्यात व्होडका, टकीला, रम, जिन आणि संत्र्याचे लिक्युअर प्रत्येकी १५ मिलिलिटर असते. एका ग्लासात जवळजवळ २४ ग्रॅम. असे तीन ग्लास म्हणजे एका क्वार्टरहून जास्त. मोहितोमध्ये ४५ मिलिलिटर रम, म्हणजे १५ ग्रॅमच्या आसपास. गोव्यात उन्हाळ्यात हुर्राक लिंबाच्या फेसाळ पेयात घालून घेतात. हुर्राक साधारण १५ टक्के, तर फेणी ४२.८ टक्के. ग्लास तोच, मिसळलेले पेय तेच, पण फेणी घातली की अल्कोहोल जवळजवळ तिप्पट.

हे झाले मापून ओतले तर. घरी मात्र कारभार अंदाजपंचे असतो. एक प्रयोग करून पाहा. रिकाम्या बाटलीत पाणी भरा आणि रुंद ग्लासात डोळ्यांनी ३० मिलिलिटर ओता. मग ते औषधाच्या झाकणाने किंवा मापाच्या कपाने मोजा. ४५ किंवा ५० निघाले तर नवल वाटून घेऊ नका. कृतीत तीन मद्ये असतील तर ही चूक तीनदा होते.

जीभ फसते, यकृत फसत नाही

नुसती व्हिस्की घशाला जाळते, त्यामुळे माणूस हळू पितो. ती जळजळ हाच शरीराचा पहिला इशारा. कॉकटेलची सगळी कारागिरी हा इशारा झाकण्यात असते. साखर तिखटपणा मऊ करते, लिंबू चव उजळते, बर्फामुळे मद्याचा वास कमी उडतो. हलवताना बर्फ वितळून पाणी मिसळते आणि घोट आणखी सौम्य होतो. चव सौम्य झाली, तरी अल्कोहोल तेवढेच राहते.

मिसळणीचाही परिणाम होतो. फेसाळ पेयातून काही जणांत अल्कोहोल लवकर शोषले जाते. ‘साखर नको’ म्हणून डाएट पेय मिसळले, तर पोट लवकर रिकामे होते आणि साखरेच्या पेयापेक्षा रक्तातील अल्कोहोल जास्त चढते, असे अभ्यासांत दिसले आहे. साखरेचे पेय घेतले म्हणून सुटका नाही. २० मिलिलिटर पाकात सुमारे १२ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखर असते. कॉफी किंवा एनर्जी ड्रिंक मिसळले तर झोप उडते, नशा उतरत नाही. आपण शुद्धीत आहोत असे वाटते आणि हात गाडीच्या किल्लीकडे जातो.

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल हाताळते. लिंबूपाणी, आंघोळ, कॉफी, कशानेही हा वेग वाढत नाही. उपाशीपोटी घेतलेल्या एका नेग्रोनीने ७० किलोच्या पुरुषाच्या १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ४० मिलिग्रॅम आणि ६० किलोच्या स्त्रीच्या रक्तात सुमारे ६० मिलिग्रॅम अल्कोहोल चढू शकते. मोटार वाहन कायद्याची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. म्हणजे ‘एकच घेतलंय’ हे वाक्य खरे असूनही गाडी चालवणे गुन्हा ठरू शकते. त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे ते जिवावर बेतू शकते.

गोळ्या, पपनस आणि तांब्याचा प्याला

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी विशेष जपावे. गोड कॉकटेलने आधी साखर वाढते. पण अल्कोहोल यकृतातून साखर तयार होणे रोखते, त्यामुळे मध्यरात्री ती धोकादायकपणे उतरू शकते. घाम, बरळणे, तोल जाणे ही लक्षणे. घरचे म्हणतात, ‘जास्त झाली, झोपू दे.’ असा माणूस सकाळी बेशुद्ध सापडू शकतो. मधुमेही माणूस असा वागू लागला तर आधी ग्लुकोमीटरवर साखर तपासा आणि कमी असेल तर त्याला रुग्णालयात न्या. झोपेच्या, चिंतेच्या गोळ्या आणि सर्दीची गुंगी आणणारी औषधे यांच्यासोबत मद्य नकोच.

ग्रेपफ्रूटची गोष्ट तर कॉकटेलमधूनच उलगडली. कॅनडात डॉ. डेव्हिड बेली आणि सहकारी रक्तदाबाचे फेलोडिपिन हे औषध आणि अल्कोहोल यांचा संबंध तपासत होते. अल्कोहोलची चव लपवण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. रक्तातली औषधाची पातळी अपेक्षेपेक्षा खूपच जास्त आली, आणि दोष अल्कोहोलचा नव्हता, रसाचा होता. हे १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. या फळातली फ्युरानोकुमरिन नावाची द्रव्ये आतड्यातले औषध मोडणारे एन्झाइम बंद पाडतात आणि परिणाम दिवसभराहून अधिक टिकू शकतो. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, सिमव्हास्टॅटिन, निफेडिपिन, तसेच प्रत्यारोपणानंतरची सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस घेणाऱ्यांनी हा रस टाळावा. आपले पपनस ग्रेपफ्रूटचे पूर्वज. त्यातही हीच द्रव्ये असतात.

याच जातीची द्रव्ये लिंबाच्या सालीत असतात. उन्हात बसून भरपूर लिंबे पिळली आणि हात धुतले नाहीत, तर एक-दोन दिवसांनी कातडीवर भाजल्यासारखे फोड येतात. नंतर काळे डाग महिनोन्‌महिने राहतात.

मॉस्को म्यूल तांब्याच्या प्याल्यात देण्याची फॅशन आहे. लिंबू आणि तांबे एकत्र आले की काय होते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकते, म्हणून त्या आंबट पदार्थ त्यात ठेवत नसत. प्याल्याला आतून कल्हई किंवा स्टीलचे अस्तर असावे. फेसासाठी कच्च्या अंड्याचे पांढरे घालतात. ग्लासातले मद्य त्यातले साल्मोनेला जंतू मारेलच असे नाही. काबुली चणे शिजवलेले दाट पाणीही तसाच फेस देते. सजावटीला गोकर्ण चालते, पण बागेतली ओळख नसलेली फुले नकोत. कण्हेरीचे विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते. तंबाखू मद्यात भिजवून ‘धुराची चव’ आणण्याचा प्रयोग कधीच करू नये, कारण निकोटिन मद्यार्कात सहज उतरते. द्रव नायट्रोजनचा धूर तर घरी नकोच. २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये असे पेय प्यायलेल्या १८ वर्षांच्या मुलीचे जठर काढावे लागले.

माप का हवे?

प्रमाण ठाऊक नसण्याची खरी किंमत आम्हाला वॉर्डात दिसते. पन्नाशीचा गृहस्थ पाय मोडून दाखल होतो. घरचे सांगतात, ‘थोडीशीच घेतात, तीही घरी.’ शस्त्रक्रिया ठरते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, नसलेली माणसे दिसू लागतात. मद्य अचानक बंद झाल्यामुळे आलेला हा वाताचा झटका जीवघेणा ठरू शकतो. आधी खरा आकडा कळला असता तर औषधे पहिल्याच दिवशी सुरू करता आली असती. इथे कोणी खोटे बोललेले नसते. रोज संध्याकाळचे ‘एक ग्लास’ म्हणजे किती, हे कोणी मोजलेलेच नसते.

म्हणून घरी मिसळणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो. पहिली, ३० आणि ६० मिलिलिटरचे धातूचे माप, ज्याला ‘जिगर’ म्हणतात, शेकरच्या आधी घ्या आणि प्रत्येक वेळी वापरा. दुसरी, स्वतःची कृती लिहिताना खाली अल्कोहोलचे ग्रॅमही लिहा. शक्यतो एका ग्लासात १० ग्रॅमच्या वर जाऊ नका, कारण चव लिंबू, मसाले आणि बर्फातूनही येते. तिसरी, पाहुण्यांना ग्लासात काय आणि किती आहे ते सांगा. गरोदर स्त्री, गोळ्या घेणारे आणि गाडी चालवणारे यांच्यासाठी बिनमद्याचे पेय तितक्याच हौसेने बनवा. कोकम, आले, जिरे आणि सोडा यांनी बहार येते. कोणी ‘नको’ म्हटले की आग्रह नको. आपल्याकडे जेवणाचा आग्रह शोभतो, याचा नाही. चौथी, आठवड्यातले बरेच दिवस ग्लास कोरडा ठेवा. ते जमत नसेल, हात थरथरत असतील किंवा सकाळीच आठवण येत असेल, तर एकदम बंद न करता डॉक्टरांना भेटा. सरकारी रुग्णालयांत यावर उपचार होतात. १४४४६ ही नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे.

आणि पुढच्या वेळी डॉक्टरांनी ‘किती?’ असे विचारले, तर ग्लास सांगू नका, मिलिलिटर सांगा. तुमच्यावर योग्य उपचार करायला त्या आकड्याचा फार उपयोग होतो.