खंजिरीची रात्र

अमेरिकेच्या दक्षिण प्रांतांतील कापसाच्या शेतांत, गुलामगिरीच्या काळी, जी गाणी जन्मली आणि ज्यांच्यापासून पुढे ‘ब्लूज’ व ‘सोल’ ही संगीतपरंपरा वाढीस लागली, त्यांची घडण ज्याने एकदा मन लावून ऐकली आहे, त्याला वर्धा जिल्ह्यातील एखाद्या गावी रात्रीच्या खंजिरी भजनास जाऊन बसल्यावर परकेपणा वाटणार नाही. कारण मुलूख निराळा, भाषा निराळी, तरी एकाने चरण उच्चारावा आणि समुदायाने तो झेलून परत करावा ही रीत तीच, आणि दोन्हीकडे सभोवारचे पीकही कापसाचेच.

खंजिरी हे वाद्य गरिबाचे आहे. लाकडाचे एक कडे, त्याच्या एका तोंडावर ताणून बसवलेले कातडे, कडेच्या खाचांत खुळखुळणाऱ्या धातूच्या चकत्या. एवढ्यात सारा संसार आटोपतो. पावसाळी हवेने कातडे सैलावले की ते विस्तवाची धग देऊन पुन्हा बोलते करावे लागते. एका हाताने धरायची, दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायची, आणि तोंडाने गायचे. वादक, गायक आणि रात्रीचा सूत्रधार एकच असतो; कोणते पद केव्हा काढावे, समुदाय पेंगू लागला तर लय कुठे चढवावी, हे तो समोरच्या चेहऱ्यांवरून ठरवतो. माझ्या मते हीच या कलेतील अवघड विद्या आहे, आणि ती आवाजाच्या गोडव्याहून दुर्मिळ आहे.

या विद्येला ज्यांनी सारे आयुष्य दिले ते तुकडोजी महाराज. वर्धा नदीपलीकडच्या अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ साली त्यांचा जन्म झाला. माणिक हे त्यांचे मूळ नाव. वरखेडच्या आडकोजी महाराजांचा अनुग्रह लाभलेल्या या तरुणाने मराठी आणि हिंदी पदे रचली, गावोगाव गायिली, आणि १९३५ साली मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापन केला.

१९३६ साली गांधीजींच्या निमंत्रणावरून ते वर्ध्याजवळच्या आश्रमात सुमारे महिनाभर राहिले. आश्रमाच्या गावाचे नाव तेव्हा शेगाव होते. गजानन महाराजांच्या शेगावशी घोटाळा होई, म्हणून १९४० साली ते सेवाग्राम झाले. आश्रमाची प्रार्थना उघड्या आकाशाखाली, मूर्तीवाचून, अनेक धर्मांची वचने एकत्र गुंफून होत असे. तिच्या संयत शांततेत वऱ्हाडी खंजिरी येऊन बसली, ही घटना मला फार अर्थपूर्ण वाटते. त्याच वर्षी फेब्रुवारीत बारडोलीस हॉवर्ड थर्मन आणि स्यू बेली थर्मन या कृष्णवर्णीय अमेरिकन दांपत्याकडे गांधीजींनी त्यांच्या लोकांच्या भक्तिगीतांची मागणी केली होती, आणि वर्षअखेरीस बेंजामिन मेज हे पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांचे गुरू ठरलेले विद्वान वर्ध्यास गांधीजींच्या भेटीला आले. ज्या माणसाने एका वर्षात ही दोन्ही गाणी आपल्याजवळ बोलावली, त्याला दुःखितांच्या सुरात बळ कुठे असते हे ठाऊक होते.

ते बळ इंग्रज सरकारलाही लवकरच उमगले. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीला, वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे लोक उठले; गोळीबार झाला, माणसे बळी गेली. तुकडोजी महाराजांची भजने या साऱ्या टापूत लोकांच्या तोंडी होती. महिनाअखेरीस त्यांना अटक झाली, आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत त्यांची रवानगी झाली. हाती शस्त्र नसलेल्या, केवळ एक वाद्य बाळगणाऱ्या इसमाला कैद करण्याचा हुकूम सुटावा, यापरते त्या वाद्याचे प्रशस्तिपत्र कोणते?

पुढे त्यांनी ग्रामगीता लिहिली, १९५५ साली जपानमधील विश्वधर्म परिषदेतही आपले विचार आणि भजने ऐकवली. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीस देह ठेवला. त्यानंतर सत्यपाल महाराजांनी एकीच्या जागी सात खंजिऱ्या मांडून प्रबोधनाचे कीर्तन रंगवले. ध्वनिक्षेपक आले, कृत्रिम कातडे आले. धग देण्याचा शिरस्ता मागे पडत चालला.

सेवाग्रामच्या प्रार्थनाभूमीवर मात्र आजही सायंकाळी प्रार्थना होते. तिला तिकीट नाही, आसनव्यवस्था नाही. वाचकाने एकदा तिथे जाऊन जमिनीवर बसावे, आणि त्याच रात्री जवळच्या एखाद्या गावी भजन असेल तर पहाट होईपर्यंत उठू नये.