मॉनिटर घेताना आधी रंग पाहा

लग्नपत्रिका छापणारे, जरीकामाचे डिझाइन काढणारे आपले कित्येक बांधव आता संगणकावर काम करतात. रात्री त्याच पडद्यावर घरची मुले गेम खेळतात. दोन्हींसाठी एकच मॉनिटर घ्यायचा, तर पैसा कशावर घालावा?

आमच्या मते आधी रंगावर. पडद्यावर मेंदी रंग आणि कागदावर पोपटी निघाला, तर नुकसान कारागिराच्याच माथी. म्हणून आयपीएस पॅनल व एसआरजीबीची पूर्ण रंगश्रेणी असलेलाच मॉनिटर मागावा. एखादे जुने छापील काम व त्याची फाइल दुकानात नेऊन पडद्याशी ताडून पाहावी. रंग हुबेहूब जुळत नाहीत, पण फार फरक असल्यास लगेच कळतो.

दुसरे रेझोल्यूशन. २४ इंची पडद्यास १९२० बाय १०८० चालते. २७ इंचावर २५६० बाय १४४० घ्यावे. फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६०. यात पहिल्याच्या चौपट ठिपके असल्याने टाक्याटाक्याचा बारकावा दिसतो. पण तेवढ्यावर गेम चालवण्यास महागडे ग्राफिक्स कार्ड लागते. गेमला १४४ हर्ट्झ उत्तम, डिझाइनला ६० पुरेसे.

दोन्ही कामे असतील तर २७ इंची, १४४० रेझोल्यूशनचा आयपीएस मॉनिटर बरा. पैसे देण्यापूर्वी पडदा पूर्ण पांढरा व पूर्ण काळा करून मेलेले ठिपके तपासा, वॉरंटीसह पक्के बिल घ्या. फोर-केच्या हौसेपायी व्याजाच्या हप्त्यांत मात्र अडकू नका. धंद्याचे भांडवल मोकळे राहू द्या.