ग्रीनला दोन लाख भोकं!

गोल्फच्या मैदानावर वर्षातून एक-दोनदा पाटी लागते: ‘ग्रीनचं काम सुरू आहे.’ काल गुळगुळीत असलेली ग्रीन, म्हणजे चेंडू घालायच्या भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, आज भोकांनी भरलेली आणि वाळूने माखलेली दिसते. खेळायला आलेली मंडळी कुरकुरतात. माझं मत मात्र ठाम आहे: मैदान बघायला जायचं तर याच आठवड्यात जावं.

आधी हिशेब

यंत्र अर्ध्या इंचाच्या पोकळ नळ्या दोन-दोन इंचांवर ग्रीनमध्ये खुपसतं. म्हणजे एका चौरस फुटात ३६ भोकं. ५०० चौरस मीटरची एक ग्रीन धरली, तर भोकं होतात एक लाख नव्वद हजारांवर. अठरा ग्रीनची बेरीज पस्तीस लाखांच्या घरात जाते. एवढं करूनही पृष्ठभागाचा जेमतेम पाच टक्के भाग निघतो! भोकं तीन इंच खोल असतील, तर एका ग्रीनची भोकं बुजवायलाच सुमारे तीन टन वाळू लागते, आणि तीही कोरडी. ओली वाळू भोकात उतरतच नाही, तोंडाशीच अडकते.

हा खटाटोप कशासाठी?

रोजची पावलं आणि यंत्रांचं वजन यांनी माती दबत जाते. दबलेल्या मातीत हवा खेळत नाही, पाणी वर तुंबतं, मुळं खोल जायची सोडून वरच्या वर राहतात. त्यात मेलेल्या काड्यामुळांचा थर साचतो. तो ओल धरून ठेवतो आणि बुरशीची सोय होते. पोकळ नळी हा दबलेला गाभा उपसून काढते, वाळू ती वाट मोकळी ठेवते. काही आठवड्यांनी त्याच जागची माती उकरून पाहिली, तर पांढरीशुभ्र नवी मुळं नेमकी वाळूच्या त्या वाटेने खाली उतरलेली दिसतात. मला तरी हे दृश्य कुठल्याही अचूक फटक्याइतकंच सुंदर वाटतं.

भोकं पाडणं यंत्राचं काम आहे. मैदान राखणाऱ्या ग्रीनकीपरचा कस लागतो तो त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत. पहिल्या कापणीला तो चांगलं यंत्र काढत नाही, कारण वाळूने पात्यांची धार जाते. जुनं यंत्र बाहेर येतं आणि कापणीची उंचीही थोडी वाढवली जाते. पाणी थोडं थोडं पण वारंवार, नत्राचा हलका हात, मग हलका रोलर. वेळ चुकली तर सगळं फसतं. थंडी मानवणाऱ्या गवताला हा घाव वसंतात किंवा उन्हाळा सरताना घालायचा. उष्ण प्रदेशातल्या गवताला तो ऐन उन्हाळ्यातच सोसतो. गवत जोमाने वाढत असेल तर भोकं भराभर मिटतात. ते झोपलेलं असेल तर महिनोन्‌महिने तशीच उघडी राहतात.

सांडलेली वाळू

वाळूचं हे शास्त्र स्कॉटलंडमध्ये एका अपघातातून सापडलं, असं सांगतात. टॉम मॉरिस (१८२१-१९०८) हा ‘ओपन’ ही गोल्फस्पर्धा चार वेळा जिंकलेला खेळाडू. १८५१मध्ये तो प्रेस्टविकला मैदानाची देखभाल करायला गेला. तिथे एका ग्रीनवर वाळूची गाडी कलंडली, आणि पुढे नेमकं त्याच जागी गवत तरारून आलं. टॉमने खूणगाठ बांधली. १८६५च्या सुमारास तो आपल्या जन्मगावी, सेंट अँड्र्यूजला परतला तो वाळूचा ध्यास घेऊनच.

यात चमत्कार कसलाच नाही. समुद्राकाठच्या त्या मैदानांवर वारा पूर्वीपासून किनाऱ्याची वाळू गवतावर आणून टाकत होता आणि गवत तिच्यातून पुन्हा वर येत होतं. जे वारा मनाला येईल तेव्हा करायचा, ते टॉम ठरवून करू लागला. माणसाने निसर्गाची इतकी नम्र नक्कल क्वचितच केली असेल.

रविवारी खेळ बंद

सेंट अँड्र्यूजचं ‘ओल्ड कोर्स’ हे मैदान जगभरातल्या गोल्फवेड्यांचं तीर्थक्षेत्र. तरीही मोठ्या स्पर्धांचे अपवाद सोडले तर रविवारी तिथे खेळ नाही! खेळाडूंना नको असली तरी मैदानाला सुटी हवीच, हा टॉमचा आग्रह. त्या दिवशी गावकरी फेअरवेवरून, म्हणजे ग्रीनपर्यंत नेणाऱ्या हिरव्या पट्ट्यांवरून, फिरतात, कुत्री हुंदडतात. ती जमीन गावाचीच आहे.

विश्रांतीच्या आणखीही युक्त्या तिथे आहेत. हिवाळ्यात फेअरवेवर चटईचा छोटा तुकडा टाकून त्यावरून फटका मारायचा, म्हणजे न वाढणाऱ्या गवताचे लचके निघत नाहीत. पूर्वी तर हे मैदान आलटून पालटून उलट्या दिशेनेही खेळलं जायचं. दिशा बदलली की चेंडू पडण्याच्या जागा बदलतात आणि झीज वाटली जाते. सात ग्रीन जोडग्रीन आहेत, म्हणजे एकाच विस्तीर्ण हिरवळीवर चेंडू घालायची दोन भोकं. त्यांच्या क्रमांकांची बेरीज दर वेळी १८. दुसरं आणि सोळावं, तिसरं आणि पंधरावं, याप्रमाणे.

भिंती गवताच्या

ओल्ड कोर्सवर ११२ बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, आहेत. त्यांच्या उभ्या भिंती दगडाविटांच्या नसून गवताच्या लाद्यांच्या असतात. एकीवर एक थर रचत, दर थर किंचित मागे सरकवत त्या उभ्या करायच्या. ऊन-वाऱ्याने त्या वाळतात, ढासळतात. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतींना ऊन जास्त, म्हणून त्या लवकर जातात. मग हिवाळ्यात पुन्हा बांधकाम, पुन्हा नव्या लाद्या. लाद्यांचा हा कारागीर टीव्हीवर कधी दिसत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

कापडगिरणीतून हिरवळीवर

ग्रीन कापणाऱ्या यंत्राचा जन्म इंग्लंडमधल्या स्ट्राउडचा. लोकरी कापडावरची लव कातरणारं फिरत्या पात्यांचं यंत्र पाहून एडविन बडिंगला सुचलं, की गवतही असंच कापता येईल. पेटंट १८३०चं. फिरत्या पात्यांचं तेच तत्त्व आजही ग्रीन सुमारे तीन मिलिमीटरवर कापतं. बडिंगच्या यंत्राआधी कापणीचं काम मेंढ्या आणि विळे करत होते.

रोजची छोटी शस्त्रक्रिया

ज्या भोकात चेंडू घालायचा ते १०८ मिलिमीटर रुंद. हे माप १८९१मध्ये ठरलं. ते भोक वरचेवर जागा बदलतं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मोठ्या स्पर्धेत तर रोज. नव्या जागचा मातीसकट काढलेला गोल तुकडा जुन्या भोकात बसवून पाणी घालायचं. तुकडा नीट बसला तर काही दिवसांत सांधा दिसेनासा होतो.

ऑगस्टाचा हिरवा रंग

एप्रिलमधल्या ‘मास्टर्स’ स्पर्धेत अमेरिकेतलं ऑगस्टा नॅशनल टीव्हीवर लखलखतं. फेअरवेवर दिसणारी ती हिरवळ तिथल्या मूळ गवताची नसते! मूळचं बर्म्युडा गवत थंडीत तपकिरी पडतं आणि एप्रिलच्या सुरुवातीला पुरतं जागं झालेलं नसतं. म्हणून आदल्या शरद ऋतूत त्याच्यावर रायगवताचं बी पेरतात. पुढे उन्हाळा तापला की रायगवत मरतं आणि खालचं बर्म्युडा वर येतं. मेअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत क्लब बंदच असतो. दुरुस्तीचे महिने हेच. ग्रीनखाली पाइपांचं जाळं आहे. ते मातीतलं जादा पाणी ओढून घेतं आणि गरज पडली तर खालून हवा सोडतं. ही योजना तिथल्याच मैदानप्रमुखाची, मार्श बेन्सनची.

दुसऱ्या महायुद्धात मात्र याच मैदानावर गुरं चरत होती, टर्की पाळल्या जात होत्या. पुढे मैदान पूर्ववत करायला जवळच्या कॅम्प गॉर्डनमधले जर्मन युद्धकैदी राबले.

आणि आता आपली दूर्वा

बर्म्युडा गवत म्हणजे शास्त्रीय नावाने सायनोडॉन डॅक्टिलॉन. म्हणजेच आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा! शेतकरी तिच्यापुढे हात टेकतो, कारण तिचा पेराएवढा तुकडा मातीत राहिला तरी ती फुटते. शेतात जो अवगुण, तोच ग्रीनकीपरला वरदान. फाटलेली हिरवळ ती जमिनीवरून आणि जमिनीखालून, दोन्हीकडून शिवते.

जॉर्जियातल्या टिफ्टन गावी ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने दूर्वेचा संकर तिच्या आफ्रिकी भावंडाशी घडवला. अशाच संकराची, १९६०मध्ये आलेली ‘टिफवे’ ही जात वांझ आहे. बी धरत नाही, फक्त तुकडे लावून वाढते. म्हणजे जगातल्या टिफवेच्या साऱ्या हिरवळी मुळात एकाच रोपाचा विस्तार.

याच बर्टनने बाजरीवरही काम केलं. त्याच्या टिफ्टनच्या ‘टिफ्ट २३ए’ या वाणापासून भारतात १९६५मध्ये ‘एचबी-१’ ही पहिली संकरित बाजरी तयार झाली. गोल्फची हिरवळ आणि बाजरीची भाकरी यांचा धागा एकाच माणसापाशी जुळावा, याचा मला फार आनंद वाटतो.

ज्यांच्या अंगणात हरळीची हिरवळ आहे, त्यांनी भोकं आणि वाळूचा हा प्रयोग घरीही करावा. जून-जुलैत गवत जोरात असताना पावसाची उघडीप बघून बागकामाच्या काट्याने भोकं पाडा, चाळलेली कोरडी वाळू पसरा, खराट्याने आत लोटा आणि दोन आठवडे कुणाला तिथे खेळू देऊ नका. डिसेंबरात मात्र हात लावू नका, हरळी तेव्हा मंदावलेली असते.